काडतूस घेण्याआधी: बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यातल्या परवानाधारकाचा हिशोब

शस्त्र एकदाच घेता, काडतुसं वारंवार. म्हणून दुकानदाराला शस्त्राची किंमत विचारण्याआधी ते कशासाठी चालवणार आणि वर्षाला किती फैरी झाडणार, हे ठरवा.

सराव किंवा स्पर्धा असेल तर .२२ लाँग रायफल. नावात रायफल असली तरी २५ मीटर पिस्तुलात आणि ५० मीटर रायफलीत हेच काडतूस चालतं. आपल्या निमाडचा नेमबाज ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर आणि कोल्हापूरचा स्वप्निल कुसाळे यांच्या ५० मीटर थ्री पोझिशनमध्येही हेच. पेटीत साधारण ५० नग, स्पर्धेत मोजायचे शॉट ६०, शिवाय आधीचं साइटिंग. म्हणजे एका सामन्याला दोन पेट्या धरा. सरावाची आणि मॅच ग्रेडची किंमत वेगळी विचारा; फरक मोठा असतो. मुलं नुकतीच शिकत असतील तर .१७७ एअर रायफल पुरे. २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, ओळखपत्र मात्र दाखवावं लागतं.

स्वसंरक्षणासाठी बहुतेक जण .३२ घेतात, आणि इथेच पैसे वाया जातात. रिव्हॉल्वरचं .३२ आणि पिस्तुलाचं .३२ ही दोन वेगळी काडतुसं आहेत. रिव्हॉल्वरचं लांब, बुडाशी ठळक कडेचं, पिस्तुलाचं आखूड. नुसतं ‘बत्तीस बोअर द्या’ म्हणू नका, शस्त्राचं नाव सांगा. चुकीचं काडतूस आत बसलं तरी चालवू नका. खडकीच्या कारखान्याच्या मालावर बुडाशी ‘केएफ’ ठसा असतो, पेटी उघडून बघा. ९ एमएम आणि .३०३ सामान्य परवान्यावर मिळत नाही. मिळवून देतो म्हणणाऱ्यापासून दूर राहा.

केळीच्या बागेत रानडुकरं येतात म्हणून .३१५ रायफल घ्यायचा विचार असेल तर थांबा. .२२ ची गोळीसुद्धा दीड किलोमीटरपलीकडे जाऊ शकते, .३१५ ची त्याहून पुढे. दाट बागेत पलीकडे कोण आहे ते दिसत नाही. शेतासाठी बारा बोअरच बरी. पण बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायची परवानगी नव्हे. ती वन्यजीव कायद्याखाली वेगळी घ्यावी लागते.

आता लपलेला खर्च. रिव्हॉल्वर आणि पिस्तुलावर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे, आधी २८ होता. काडतुसांवर १८ टक्के. दुकानदाराचा भाव करासकट की कर सोडून, हे विचारा आणि पक्कं बिल घ्या. परवान्याच्या फीवर राज्याचं मुद्रांक शुल्क निराळं, आणि ते नूतनीकरणालाही लागतं. निवडणुकीत शस्त्र जमा करायचा आदेश आला तर ठाण्यात जमा करा. दुकानात ठेवलंत तर महिन्याचं भाडं आधी विचारा. पावती दोन्हीकडे घ्या.

अर्ज बुऱ्हाणपूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात. फॉर्म ए-१, फोटो, ओळख, पत्ता आणि वयाचा पुरावा, वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, सुरक्षित ठेवण्याची हमी. नियमात पोलीस अहवालाला ३० दिवस आणि त्यानंतर निर्णयाला ६० दिवस आहेत. प्रत्यक्षात जास्त धरा. एजंटाला पैसे देऊन पोलीस चौकशी टळत नाही. परवाना २००३ आधीचा, म्हणजे बुऱ्हाणपूर वेगळा जिल्हा होण्याआधी खंडव्याहून निघालेला असेल, तर त्यावर युनिक क्रमांक पडलाय का ते आधी पाहा. एका वेळी किती आणि वर्षाला किती काडतुसं घेता येतील, तेही परवान्यावरच लिहिलेलं असतं.

स्वस्तात मिळतो म्हणून देशी कट्टा घेऊ नका. नळी हातात फुटते, आणि विनापरवाना शस्त्राला किमान २ वर्षं शिक्षा आहे, ५ वर्षांपर्यंत जाऊ शकते. परवान्याशिवाय काडतूस बाळगणंही गुन्हाच. प्रवासाला निघण्याआधी बॅगेचे कप्पे तपासा. विसरलेलं एक काडतूस विमानतळावर सापडलं तरी ठाण्याची पायरी चढावी लागते.

शेवटी हद्द. परवाना फक्त मध्य प्रदेशापुरता असेल तर शस्त्र घेऊन महाराष्ट्रात रावेरला लग्नाला जाणंही गुन्हा ठरतो. भुसावळ, जळगावकडे नेहमी जाणं असेल तर अखिल भारतीय क्षेत्रासाठी अर्जातच मागणी करा.