कोणती कोंबडी पाळावी?

आपल्या पाचाडात पुष्कळ घरी चार-दोन कोंबड्या असतात. उजाडले की डालगे उचलायचे, मूठभर कण्या टाकायच्या. मग त्या दिवसभर परड्यात उकरत हिंडतात. त्यांच्याकडून आपल्याला दोन गोष्टी हव्या असतात. अंडी मिळावीत, आणि नड पडली तर विकायला अंगावर मांसही असावे. हिला दुहेरी कामाची कोंबडी म्हणतात.

आधी आमची चूक सांगतो. शेजारच्या एका बाईने बचत गटाचे कर्ज काढले. कोणत्या कोंबड्या घेऊ, असे तिने आम्हाला विचारले. आम्ही पुस्तक उघडले. पांढरी लेगहॉर्न वर्षाला दोनशेच्या वर अंडी देते, असे त्यात होते. आम्ही म्हटले, हीच घे. पण पुस्तकातली कोंबडी तयार खाद्यावर पोसलेली. बाईची कोंबडी कण्यांवर नि किड्यांवर. अंडी निम्मीसुद्धा मिळेनात. खाद्य विकत आणावे, तर अंड्यांचे पैसे त्यातच जात. नर किडकिडीत, त्यांना गिऱ्हाईक नाही. हप्ते तिने घरची नाचणी विकून भरले. आम्हाला ती एका शब्दाने बोलली नाही, तेच जास्त लागले.

तेव्हा नुसती अंडी मोजू नका. कोंबडी काय खाते, रानात कशी निभावते, तेही पाहा.

आपली गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते. थोडी वाटतात खरी. पण ती चपळ असते, घार दिसली की पिल्लांना हाक देते. खुडूक बसते आणि 21 दिवसांत पिल्ले काढते. हा गुण विकत मिळत नाही.

ऱ्होड आयलंड रेड ही तांबडी जात अमेरिकेतली. अंडी तपकिरी, अंग भरदार. हैदराबादच्या सरकारी संशोधन संस्थेने वनराजा तयार केली, बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने गिरिराजा. दोन्ही रंगीत असतात, परसात वाढतात. वनराजा परसात वर्षाला शंभराच्या आसपास अंडी देते. मात्र ती खुडूक बसत नाही. शिवाय ती संकरित आहे. तिचीच अंडी उबवली तर पिल्ले आईसारखी निघतील असा भरवसा नाही. पिल्ले दर वेळी नवीनच आणावी लागतात. जड अंगामुळे तिला पळणेही जमत नाही. मुंगसाचे फावते.

जात कोणतीही असो, मानमोडीची लस चुकवू नका. सातव्या दिवशी डोळ्यात थेंब, आठव्या आठवड्याच्या सुमारास टोचणी. आपल्याकडचा पाऊस तर ठाऊकच आहे. खुराड्याची जमीन ओली राहिली की पिल्लांना रक्ती हगवण लागते. भाताचे तूस पसरा, भिजले की बदला.

कोंबडी अंड्यावर आहे का, हेही हाताने कळते. तुरा लाल आणि ऊबदार हवा. शेपटीखाली दोन हाडे लागतात. त्यांमध्ये दोन-तीन बोटे मावली तर ती अंडी देते. एकच बोट मावले तर नाही.

त्या बाईकडे आता सहा वनराजा आणि तीन गावठी आहेत. विकत आणलेली पिल्ले ती रात्री अंधारात खुडूक गावठीच्या पोटाखाली सरकवते. सकाळी ती त्यांना आपलीच समजून हिंडवते. ही युक्ती आमच्या पुस्तकात नव्हती.