बाळाचा एक पाय आखूड दिसतो?

बाळाला न्हाऊमाखू घालताना आजीच्या ध्यानात येते, पोरीचा एक पाय जरासा आखूड आहे. मग घरात कुजबुज सुरू होते. कुणी म्हणते, ग्रहणात आईने काही चिरले असेल. कुणी म्हणते, तेल लावून पाय ओढा. कुणी म्हणते, चालायला लागली की आपोआप बरं होईल. पहिले बोलणे खोटे आहे. दुसरे घातक आहे. तिसऱ्यात वेळ जातो. आम्हाला तिसऱ्याचीच भीती जास्त वाटते, कारण ते ऐकायला गोड लागते.

आधी धीर धरा. माणसाचे दोन्ही पाय तंतोतंत सारखे क्वचितच असतात. अर्धा-एक सेंटिमीटर फरक पुष्कळ मोठ्या माणसांतही असतो. त्यांना त्याचा पत्ताही नसतो. बाळ वाकडे निजले, कंबर कलली, तरी पाय लहानमोठे दिसतात.

मग घरी काय पाहावे? बाळाला सपाट घोंगड्यावर उताणे निजवा. दोन्ही गुडघे उभे करा. तळपाय शेजारी शेजारी टेकवा. आता पायांकडून पाहा. दोन्ही गुडघे एका उंचीवर आहेत ना? की एक खाली दिसतो? मग लंगोट बदलताना मांड्या हळूच बाजूला फाकवा. एक मांडी दुसरीइतकी फाकते का? जोर मात्र करू नका. मांड्यांवरच्या वळ्या सारख्या नसतील तर तेवढ्यावरून घाबरू नये. चांगल्या बाळातही तसे असते.

गुडघा खाली दिसला किंवा मांडी अडली, तर खुबा सरकलेला असू शकतो. खुब्याचा सांधा उखळीचा असतो. कमरेच्या हाडात खोलगट वाटी असते. मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात बसतो. काही बाळांची वाटी उथळ राहते आणि गोळा बाहेर सरकतो. हाड आखूड नसते. ते वर चढते, म्हणून पाय आखूड दिसतो. दोन्ही खुबे सरकले तर फरक दिसतच नाही. पुढे मूल बदकासारखे डुलत चालते.

हे मुलींत जास्त आढळते. पायाळू बाळांतही आढळते. (पायाळू माणसाची लाथ लागली की उसण जाते, असे आपल्याकडे म्हणतात. असो.) बाळाला काही दुखत नाही. ते रडत नाही. म्हणूनच हे नजरेतून सुटते.

सहा महिन्यांच्या आत कळले, तर बहुधा पट्ट्यांवर भागते. पट्टे बांधून मांड्या फाकलेल्या ठेवतात. गोळा वाटीत बसतो आणि वाटी हळूहळू खोल होते. उशीर झाला तर भूल देऊन खुबा बसवतात व प्लास्टर घालतात. चालू लागल्यावर कळले, तर पुष्कळदा ऑपरेशन करावे लागते.

आपल्या बाया लेकराला कडेवर घेतात. त्यात मांड्या फाकलेल्या राहतात. ही रीत खुब्याला चांगली. पण पाय सरळ करून दुपट्यात घट्ट आवळणे वाईट. जपानात १९७५ च्या सुमारास लोकांना हेच शिकवले, आणि खुबा सरकलेली मुले पुष्कळ कमी झाली. अंगावर दुपटे घाला, पण पाय हलू द्या.

पूर्वी पाय आखूड होण्याचे मोठे कारण पोलिओ होते. गुडघ्यावर हात टेकून चालणारी पोरे आम्ही वर्गात पाहिली. भारत २०१४ साली पोलिओमुक्त ठरला. तरी डोस चुकवू नका. दुसरे एक कारण आहे हाडातला पू. बाळाला ताप आहे आणि एक पाय ते हलवत नाही, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. उद्यावर टाकू नका.

हाडच थोडे आखूड असेल, तर मोठेपणी चपलेचा तळ जाड करून काम भागते. फरक जास्त असला तर उपाय आहेत. मात्र डॉक्टरांकडून वरचेवर माप घ्यावे लागते, कारण मुलाबरोबर फरकही वाढू शकतो.

२०१३ पासून सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्यात अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी होते. खुब्याचा हा दोष त्यांच्या यादीत आहे. पण तान्ह्या बाळासाठी पथकाची वाट पाहू नका. वडगावहून कोल्हापूर लांब नाही. तिथे सी.पी.आर. आहे, जुनी माणसे ज्याला थोरला दवाखाना म्हणतात. जाताना जन्माचे कागद न्या. बाळ पायाळू होते का, घरात कुणाला असा त्रास होता का, ते सांगा. नुसता पाय दाखवू नका. ‘खुबा तपासा’ असे म्हणा.