परसांतील कोंबड्या व शेजारधर्म

राजगडाच्या पायथ्याशीं गुंजवणें नांवाचें गांव आहे. चोरदरवाजाच्या वाटेनें गड चढणारे लोक येथूनच वर जातात. मुलूख डोंगराळ, पाऊस भरपूर आणि मुख्य पीक भाताचें. ह्या गांवीं, तसेंच भोर व वेल्हें भागांतील इतरहि गांवीं, परसांत पांच-दहा कोंबड्या पाळण्याची चाल जुनी आहे. त्यांचा सर्व कारभार बहुधा घरच्या बाईकडे असतो. भाताचा पैसा वर्षांतून एकदां हातीं येतो आणि देण्याघेण्यांत सरतो. पण चार अंडीं किंवा एखादा कोंबडा विकून आलेला पैसा तेलमिठाला, औषधपाण्याला आणि मुलांच्या वह्यापुस्तकांना ऐन वेळीं उपयोगी पडतो. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या शिक्षणाला खुराड्याचा असा हातभार लागला असेल. म्हणून आठ दिवसांत खुराडें ओस पडलें, तर त्या घराचें नुकसान केवळ कोंबड्यांचें नसतें.

असें नुकसान कसें टाळावें, हें सांगण्यासाठीं हा लेख आहे. प्रथम अंडें, मग रवण, मग पिलें आणि शेवटीं रोग, असा क्रम आम्हीं धरला आहे. वाचतां वाचतां लक्षांत येईल कीं, कोंबड्या घरोघरच्या निराळ्या असल्या तरी त्यांची राखण शेजाऱ्यांनीं मिळूनच करावी लागते.

कोंबडीचें कूळ

घरच्या कोंबडीचा मूळ पूर्वज म्हणजे आग्नेय आशियाच्या रानांतील तांबडा रानकोंबडा. आपल्या सह्याद्रीच्या झाडींत जो करड्या रंगाचा रानकोंबडा आढळतो, तो त्याचा भाऊबंद होय. पुष्कळ कोंबड्यांच्या कातडीला व पायांना जो पिवळा रंग असतो, तो ह्या करड्या रानकोंबड्याच्या कुळांतून आला, असें शास्त्रज्ञांनीं २००८ सालीं दाखवून दिलें.

रानांतील पांखरूं थोडींच अंडीं घालतें, तीं स्वतः उबवितें, पिलांना घेऊन चारा शोधीत हिंडतें आणि रात्रीं उंच फांदीवर बसतें. गांवठी कोंबडीनें हे गुण राखले आहेत. कारखान्यासारख्या मोठ्या खुराड्यांत पाळलेली जातिवंत कोंबडी वर्षाला सुमारें ३०० अंडीं देते. गांवठी कोंबडी ५० ते ७० देते. हे आंकडे ऐकून कित्येकजण गांवठी कोंबडीस नांवें ठेवितात. पण ती मोठी कोंबडी विकतचें खाद्य खाते, आणि तिला अंडीं उबविण्याचें भान राहिलेलें नाहीं. तिचीं पिलें यंत्रांत काढावीं लागतात. आपली कोंबडी परसांतील किडे, वाळवी, सांडलेलें धान्य व उष्टेंखरकटें ह्यांवर बरेंचसें पोट भरते आणि आपलीं पिलें आपण वाढविते. तिचा लाभ अंड्यांच्या संख्येंत नाहीं, तर जगलेल्या पिलांत आहे. ही गोष्ट ध्यानीं धरली म्हणजे पुढील सर्व उपदेशाचें मर्म कळेल.

अंडें व रवण

अंडें घालण्यास कोंबडीला कोंबडा लागत नाहीं. पण त्या अंड्यांतून पिलूं निघावयाचें असेल तर कोंबडा हवा. आठ-दहा कोंबड्यांस एक कोंबडा पुरतो.

अंड्याचें कवच घट्ट दिसलें तरी त्यास डोळ्यांस न दिसणारीं हजारों छिद्रें असतात. त्यांतूनच आंतील पिलाला हवा मिळते. पण त्यांतूनच आंतला ओलावाहि हळूहळू उडून जातो आणि बोथट टोंकाकडील हवेची पोकळी वाढत जाते. ताजें अंडें पाण्यांत टाकलें असतां तळाशीं आडवें बसतें व फार जुनें अंडें तरंगतें, ह्याचें कारण हेंच. नव्या अंड्यावर एक पातळ लेप असतो व तो छिद्रांचें रक्षण करतो. म्हणून रवणीसाठीं ठेवलेलीं अंडीं धुऊं नयेत. तीं थंड जागीं, निमुळतें टोंक खालीं करून ठेवावींत. सात-आठ दिवसांहून जुन्या अंड्यांतून पिलें कमी निघतात. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनें तारीख घालण्याचें काम घरांतील मुलांनीं आपणाकडे घ्यावें.

कोंबडी खुडूक झाली म्हणजे तिला १० ते १२ अंड्यांवर बसवावें. ह्याहून जास्त अंडीं तिच्या पंखाखालीं नीट मावत नाहींत, व कडेचीं अंडीं गार पडतात. पाटींत भाताचें तूस किंवा कोरडा पेंढा घालून ती पाटी अंधाऱ्या, निवाऱ्याच्या जागीं ठेवावी. कोंबडी दिवसांतून एकदां थोडा वेळ उठते. त्या वेळीं तिला दाणा व पाणी जवळच मिळावें. ती चोंचीनें अंडीं फिरवीत असते, तें व्यर्थ नव्हे. तसें न केलें तर आंतील गर्भ कवचाच्या अस्तरास चिकटतो.

सातव्या दिवशीं रात्रीं अंड्याच्या मागें विजेरी धरून पाहावें. आंत कोळ्याच्या जाळ्याप्रमाणें तांबड्या शिरा दिसल्या तर पिलूं वाढत आहे असें समजावें. अंडें नितळ दिसलें तर तें फोल. तें काढून टाकावें. एकविसाव्या दिवशीं पिलें कवच फोडूं लागतात. त्या वेळीं घाईनें कवच सोलून पिलास मदत करूं नये. बाहेर येण्यापूर्वीं पिलूं अंड्यांतील उरलेला बलक पोटांत ओढून घेतें. त्या शिदोरीवर त्याचा पहिला दिवस-दीड दिवस निभतो. म्हणून सर्व पिलें निघेपर्यंत कोंबडीला उठवूं नये.

पिलांचीं पहिलीं आठवडीं

आतां थोडें गणित मांडूं. गांवठी कोंबडी सुमारें पंधरा दिवस अंडीं घालते, तीन आठवडे उबविते आणि पुढें दोन-अडीच महिने पिलांसह हिंडते. म्हणजे वर्षांतून तिचे तीन फेरे होतात. प्रत्येक फेऱ्यांत १० पिलें निघालीं असें समजा. वर्षाचीं ३० झालीं. दहांतील तीनच वांचलीं तर हातीं ९ येतात. दहांतील सात वांचलीं तर २१ येतात. कोंबडी तीच, अंडीं तितकींच. फरक बारा पांखरांचा! हा फरक पहिल्या आठ आठवड्यांत पडतो.

ह्या काळांत पिलांना थंडी, ओल, भूक व शत्रु अशा चौघांपासून जपावें लागतें. लहान पिलास स्वतःच्या अंगाची ऊब राखतां येत नाहीं. आईचे पंख हेंच त्याचें पांघरूण. आपल्या भागांत आषाढ-श्रावणांत पावसाची झड लागते, त्या दिवसांत पिलें निघतील असा बेत करूं नये. खुराडें जमिनीपासून हातभर उंच असावें व त्याखालीं पाणी सांचूं देऊं नये. ओल्या जागेंत रक्ती हगवण पिलांना फार लवकर धरते. म्हणून तूस भिजतांच बदलावें. कोरड्या राखेचा एक ढीग जवळ असला म्हणजे कोंबड्या त्यांत लोळतात व उवा-पिसवांचा त्रास कमी होतो.

पिलांना पहिल्या आठवड्यांत तांदळाची बारीक कणी, भरडलेली नाचणी व थोडी वाळवी द्यावी. नुसत्या कणीनें पोट भरतें, पण अंग भरत नाहीं; वाळवी, किडे, शेंगदाण्याची पेंड ह्यांनीं पिसें व मांस वाढतें. पाण्याच्या उथळ ताटलींत चार खडे टाकावे, म्हणजे पिलूं पडून बुडत नाहीं. घार, मुंगूस, रानमांजर व साप ह्यांच्यासाठीं जुना उपाय आहे तोच उत्तम: पहिला महिना पिलें व आई दिवसां डालग्याखालीं राखावीं, आणि बाहेर सोडलीं तर कोणी तरी लक्ष ठेवावें. अंडीं देणाऱ्या कोंबडीस शिंपल्यांचा चुरा मिळत राहिला तर कवच मऊ पडत नाहीं.

मानमोडी

वर सांगितलेलें सर्व केलें, तरी एक शत्रु असा आहे कीं तो आला म्हणजे आठवड्यांत खुराडें रिकामें करतो. ह्याला आपल्याकडे मानमोडी म्हणतात. १९२६ सालीं हा रोग जावा बेटांत व इंग्लंडांतील न्यूकॅसल शहरीं ओळखला गेला. आणि त्यानंतर लवकरच हिमालयांतील राणीखेत येथें आढळला. म्हणून पुस्तकांत त्यास राणीखेत असेंहि म्हणतात. कोंबडी मलूल होते, तोंड उघडून श्वास घेते, हिरवट हगते. पुढें मान वांकडी होते व पाय लुळे पडतात. हा रोग अतिसूक्ष्म विषाणूंपासून होतो, आणि एकदां जडल्यावर त्यावर औषध नाहीं. कांदा, हळद, मिरी हीं घरगुती द्रव्यें त्याला थांबवीत नाहींत. उपाय एकच: रोग येण्यापूर्वीं लस.

पिलूं पांच ते सात दिवसांचें झालें म्हणजे ह्या लसीचा एक थेंब त्याच्या डोळ्यांत किंवा नाकांत घालतात, व सुमारें चार आठवड्यांनीं पुन्हां घालतात. पुढें सहा ते आठ आठवड्यांचें झाल्यावर दुसऱ्या प्रकारची लस टोंचतात. कोणती लस केव्हां द्यावी, हें जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत विचारावें. आणि आजारी पांखरास लस देऊं नये.

रोग पसरतो कसा, हेंहि मुलांनीं नीट समजून घ्यावें. बाजारांतून आणलेली एखादी कोंबडी वरून धडधाकट दिसते, पण तिच्या अंगीं रोग मुरत असतो. ती त्याच दिवशीं आपल्या कोंबड्यांत सोडली कीं काम झालें. म्हणून नवें पांखरूं पंधरा दिवस वेगळें बांधावें. दुसरें कारण ह्याहून वाईट आहे. घरांत दोन कोंबड्या मेल्या कीं मालक घाबरून उरलेल्या घाईघाईनें विकतो, किंवा कापून पिसें व आंतडीं ओढ्यांत अगर उकिरड्यावर टाकतो. त्यानें आपले चार पैसे वांचविले असें त्यास वाटतें. पण त्या पैशांबरोबर रोग साऱ्या आळींत वांटला जातो. मेलेलें पांखरूं चुना टाकून खोल पुरावें, आणि शेजाऱ्यांस त्याच दिवशीं सांगावें. सांगण्यांत लाज कसली? लपविण्यांत मात्र पाप आहे. एकदम पुष्कळ कोंबड्या मरूं लागल्या तर उघड्या हातांनीं त्यांस न शिवतां दवाखान्यास वर्दी द्यावी. कारण २००६ सालीं नंदुरबार जिल्ह्यांत नवापूर येथें जो बर्ड फ्ल्यू आला, तसल्या रोगाची शंका पशुवैद्यासच फेडतां येते.

शेजारधर्म

आतां मुख्य गोष्टीकडे येतों. मानमोडीची लस महाग नाहीं. मग घरोघर ती कां पोंचत नाहीं? तिची कुपी लहानांत लहान घेतली तरी साधारण शंभर पांखरांची असते. ती दवाखान्यापासून घरापर्यंत बर्फांत आणावी लागते. आणि एकदां पाण्यांत कालविली कीं तास-दोन तासांत संपवावी लागते, नाहीं तर तिचा गुण जातो. सात कोंबड्या असलेल्या बाईनें एकटीनें ती आणावी तर उरलेल्या ९३ पांखरांची लस वायां जाते. म्हणून ती आणीत नाहीं. शेजारीणहि ह्याच हिशेबानें आणीत नाहीं. आणि मानमोडी दोघींच्या घरीं येते.

दहा-बारा घरांनीं एक दिवस ठरविला तर ही अडचण उरत नाहीं. एकानें दवाखान्यांतून बर्फाच्या डब्यांत कुपी आणावी, दुसऱ्यानें घरोघरच्या पांखरांची यादी करावी, आणि पहाटे कोंबड्या खुराड्यांतून सोडण्यापूर्वीं जाणत्याच्या हातून सर्वांस लस द्यावी. यादी करण्याचें काम शाळेंत जाणारीं मुलें उत्तम करतील. ह्यांत एक घर राहिलें तर तेवढेंच रोगाला दार उघडें राहतें. ज्या घरीं दोनच कोंबड्या आहेत, त्याहि घरास म्हणून आग्रहानें बोलवावें.

अशी एकी अन्यत्र फळास आली आहे. आफ्रिकेंत मोझांबिक व टांझानिया ह्या देशांत, ऑस्ट्रेलियांतील शास्त्रज्ञांनीं तयार केलेली, उष्णता बरीच सोसणारी लस गांवांतीलच शिकलेल्या बायाबापड्या घरोघर फिरून कोंबड्यांच्या डोळ्यांत घालतात. विक्रीच्या कामींहि एकीचा गुण दिसून येतो. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत त्या वेळच्या त्रावणकोर संस्थानांत मार्तंडम येथें स्पेन्सर हॅच ह्यांनीं वाय. एम. सी. ए. च्या ग्रामकेंद्रांतून खेडुतांस कोंबड्या नीट पाळण्यास व अंडीं एकत्र करून विकण्यास शिकविलें. पुढें मोठ्या कुक्कुटपालकांनींहि तेंच केलें, डॉ. बी. व्ही. राव ह्यांच्या पुढाकारानें १९८२ सालीं राष्ट्रीय अंडी समन्वय समिति स्थापन झाली, ती अंड्यांचा भाव व्यापाऱ्यांनीं न ठरवितां उत्पादकांनीं एकत्र येऊन ठरवावा म्हणूनच. हजारों कोंबड्यांचा धनी ज्या एकीवांचून तरला नाहीं, तिच्यावांचून सात कोंबड्यांची धनीण कशी तरेल?

आमच्या विद्यार्थ्यांनीं सुटींत घरीं गेल्यावर तीन गोष्टी कराव्या. घरच्या प्रत्येक रवणीचा हिशेब वहींत मांडावा: अंडीं किती, पिलें किती निघालीं, आठव्या आठवड्याअखेर किती उरलीं, आणि उरलेलीं गेलीं तीं कशानें. आळींतील घरें व त्यांच्या कोंबड्या मोजून यादी करावी. ती यादी घेऊन वडील माणसांबरोबर दवाखान्यांत जावें आणि लसीचा दिवस ठरवून यावें. वहीची किंमत थोडी आहे, आणि श्रमहि फार नाहींत. पण पुढल्या वर्षींची वही विकत घेण्यास लागणारा पैसा कदाचित् ह्याच यादीनें राखला जाईल.