शुक्रजंतूंचे स्निग्ध आवरण व गाईची गर्भधारणा

गाय वेळेवर माजावर येते, कृत्रिम रेतन होते आणि तीन आठवड्यांनी ती पुन्हा माजावर येते. असे दोन-तीनदा घडले म्हणजे गाईलाच दोष देऊन तिला बाजार दाखविला जातो. परंतु कित्येकदा दोष गाईत नसून, रेतनापूर्वीच शुक्रजंतूंच्या आवरणास झालेल्या इजेत असतो. म्हणून हे आवरण कसे असते व कशाने बिघडते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

आवरणाची रचना : प्रत्येक शुक्रजंतूभोवती स्निग्ध द्रव्यांचा अतिशय पातळ, दुपदरी पडदा असतो व त्यात प्रथिने जडलेली असतात. या स्निग्ध द्रव्यांत फॉस्फरसयुक्त मेद व कोलेस्टेरॉल ही मुख्य होत. वळूच्या शुक्रजंतूंतील मेदात असंपृक्त मेदाम्ले पुष्कळ असल्याने पडदा लवचिक राहतो. कोलेस्टेरॉलमुळे त्याला स्थैर्य येते. गाईच्या जननमार्गात शिरल्यावर काही कोलेस्टेरॉल निघून जाते, पडदा सैल होतो आणि मगच शुक्रजंतू स्त्रीबीजाशी संयोग पावण्यास समर्थ होतो. हा बदल आवश्यक आहे; मात्र तो योग्य जागी व योग्य वेळीच व्हावा लागतो.

थंडीचा परिणाम : हिवाळ्यात खोबरेल थिजते, पण करडईचे तेल पातळच राहते. त्याचप्रमाणे पडद्यातील निरनिराळे मेद एकाच तापमानास थिजत नाहीत. रेत एकाएकी थंड झाल्यास काही मेद आधी घट्ट होतात, पडद्याची घडी विस्कटते व कॅल्शियम आत शिरते. शुक्रजंतू एकतर मरतात, किंवा अकालीच सैल होऊन अल्पायुषी ठरतात. माणूस व ससा यांच्या मानाने वळूच्या शुक्रजंतूंत कोलेस्टेरॉलचे प्रमाण कमी असल्याने त्यांना हा धक्का अधिक बसतो.

यावर अमेरिकेतील फिलिप्स व लार्डी यांनी १९४० मध्ये अंड्याच्या बलकाचा उपयोग दाखवून दिला. बलकातील मेदयुक्त प्रथिने पडद्याचे रक्षण करतात. पुढे १९४९ मध्ये इंग्लंडात पोल्ज, स्मिथ व पार्क्स यांनी ग्लिसरीनच्या साहाय्याने शुक्रजंतू गोठवूनही जिवंत ठेवता येतात, हे सिद्ध केले. आज रेतकांड्या द्रवरूप नत्रात उणे १९६ अंश सेल्सिअसला वर्षानुवर्षे टिकतात.

हवेचा परिणाम : जवसाचे तेल हवेवर लवकर खवट होते. असंपृक्त मेदाम्लांमुळे शुक्रजंतूंच्या पडद्यावरही प्राणवायूची अशीच क्रिया होते. ई जीवनसत्त्व व सेलेनियम तिला आळा घालतात. म्हणून वळूस हिरवा चारा व खनिज मिश्रण नियमित द्यावे. उन्हाळ्यात त्याला सावली व पाणी भरपूर असावे. वळूत शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे ६१ दिवस लागतात. त्यामुळे ताप किंवा उष्णतेचा दुष्परिणाम नंतर कित्येक आठवडे रेतात दिसतो.

रेतनाच्या वेळी पुढील काळजी घ्यावी :

१) कांडी निवडताना ती पात्राच्या गळ्यावर काढू नये. थोडा वेळही बाहेर राहिलेली कांडी परत आत ठेवल्याने नुकसान भरून निघत नाही.

२) कांडी पात्रातून काढताच ३७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ३० सेकंद धरावी. पाणी तापमापकानेच मोजावे. खिशात किंवा मुठीत धरून कांडी वितळवू नये.

३) कांडी कोरडी पुसावी, थंडीत रेतनाची नळी आधी ऊबदार करून घ्यावी व विलंब न लावता रेतन करावे. वितळलेली कांडी पुन्हा गोठवू नये.

४) गोठविलेल्या शुक्रजंतूंचे आयुष्य कमी असल्याने वेळ साधणे महत्त्वाचे आहे. सकाळी माज दिसल्यास सायंकाळी व सायंकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे.

गाय न फळल्यास प्रत्येक खेपेस सुमारे २१ दिवसांचा चारा व तेवढ्या दिवसांचे दूध वाया जाते. म्हणून गोपालकाने गरम पाणी व तापमापक गोठ्यात तयार ठेवावा, रेतन करणाऱ्याने अर्ध्या मिनिटाची घाई करू नये, आणि हे सर्व नीट पाळूनही गाय उलटली तर पशुवैद्याकडून तिची तपासणी करून घ्यावी. त्यापूर्वी तिला बाजाराची वाट दाखवू नये.