पिंपरीचें पेनिसिलीन व पेशींतील नक्कलनवीस

पिंपरी येथें हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ सालीं स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्यानें तेथें १९५५ सालीं पेनिसिलीन तयार होऊं लागलें. या औषधानें असंख्य रोग्यांचे प्राण वाचविले आहेत. परंतु कित्येक जंतु त्यास दाद देत नाहींत. असें कां व्हावें, याचा शोध घेऊं लागलें म्हणजे सजीव पेशीचा विलक्षण कारभार दृष्टीस पडतो.

पेशी ही एक लहानसा कारखानाच होय. चाकणच्या कारखान्यांत यंत्राचा मूळ आराखडा कचेरींत जपून ठेवितात. कामगाराच्या हातीं त्याची नक्कल येते. पेशींतहि तसेंच आहे. डीएनए हा मूळ आराखडा, जनुक हें त्याचें एकेक पान, आरएनए ही त्या पानाची नक्कल, आणि नकलेवरून घडणारा माल म्हणजे प्रथिन. नक्कल करण्याच्या क्रियेस प्रतिलेखन म्हणतात. ती करणारें प्रथिन आरएनए पॉलिमरेझ. त्यास आपण नक्कलनवीस म्हणूं.

या नक्कलनवीसानें सर्वच पानांच्या नकला अहोरात्र काढल्या, तर पेशीचें अन्न व शक्ति व्यर्थ जाईल. म्हणून कोणती नक्कल केव्हां काढावयाची, याचें नियमन आवश्यक असतें.

गळवें उठविणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूचें उदाहरण घ्या. याच्या अनेक वंशांजवळ पेनिसिलीन फोडून निकामी करणाऱ्या प्रथिनाचें जनुक असतें. अशा प्रकारच्या प्रथिनाचा शोध ॲब्राहम व चेन यांनीं १९४० सालींच, म्हणजे पेनिसिलीन सर्रास वापरांत येण्यापूर्वीं, लावला होता. एरव्हीं एक रोधक प्रथिन त्या जनुकाच्या आरंभीं बसून नक्कलनवीसाची वाट अडवितें. पेशीच्या आवरणांत दुसरें एक प्रथिन पहाऱ्यावर असतें. पेनिसिलीन त्यास चिकटतांच तें जागें होतें, रोधकाचे तुकडे पडतात व नकला निघूं लागतात. औषध संपलें कीं नवा रोधक पुन्हां जागेवर येतो.

परंतु आरएनए हा केवळ निरोप्या नव्हे. आंतड्यांत राहणाऱ्या ई. कोलाय जंतूंत ६एस नांवाचा आरएनए १९६७ सालीं आढळला. त्याचें कार्य मात्र २००० सालीं उलगडलें. अन्न संपत आलें कीं त्याचा सांठा वाढतो. त्याची घडी उघडलेल्या डीएनएसारखी असते. नक्कलनवीस तीच धरून बसतो व अनेक जनुकांचें प्रतिलेखन मंदावतें. अन्न पुन्हां मिळालें म्हणजे तो त्या आरएनएवरूनच एक आंखूड नक्कल काढतो आणि सुटतो! मनुष्याच्या पेशींतहि ७एसके नांवाचा आरएनए हेक्झिम या प्रथिनाच्या साहाय्यानें प्रतिलेखनास पुढें रेटणाऱ्या प्रथिनांस आवरून धरतो. प्रथिन आरएनए घडवितें, आणि आरएनए प्रथिनास लगाम घालतो.

पालकांनीं यांतून एक गोष्ट ध्यानीं घ्यावी. औषध हें जनुक निर्माण करीत नाहीं. परंतु कारण नसतां तें घेतल्यास दुर्बळ जंतु मरतात, व ज्यांच्याजवळ तें जनुक आहे तेच उरून वाढतात. मग खऱ्या दुखण्याच्या वेळीं औषध लागू पडत नाहीं. यास्तव घरांत उरलेल्या गोळ्या शेजाऱ्यास देऊं नयेत, वैद्याच्या सल्ल्यावांचून स्वतःहि घेऊं नयेत. जंतु देखील गरज पडल्यावांचून आपलें शस्त्र बाहेर काढीत नाहीं. मग आपण तरी आपलें कां काढावें?