स्पर्धेपूर्वी नोंदणी

रुपयाचे ₹ हे चिन्ह पवईच्या आयआयटीत शिकलेल्या डी. उदय कुमार यांनी काढले. केंद्र सरकारने 2009 मध्ये स्पर्धा जाहीर केली, 3 हजारांवर नमुने आले, 15 जुलै 2010 रोजी मंत्रिमंडळाने हा मंजूर केला. इनाम अडीच लाख. अट अशी की नमुन्याचे सर्व हक्क सरकारचे. देशाच्या चिन्हाला हे रास्तच. साडीच्या काठाला मात्र नाही.

आता कॉम्प्युटरवर कापडाचे डिझाइन काढण्याच्या स्पर्धा निघतात. आपली हुन्नरी मुले भाग घेतात, घ्यावाही. पण अटी कोण वाचतो? आम्हीही एकदा न वाचता सही केली. बक्षीस आले, बुट्टा गेला.

2000 च्या डिझाइन कायद्याप्रमाणे नोंदणी फक्त नव्या नमुन्याची होते. स्पर्धेत आधीच जाहीर झालेला नमुना सहसा नाकारला जातो. तेव्हा अगोदर अर्ज करावा, मग स्पर्धा. नोंदणी 10 वर्षांची, पुढे 5 वर्षे वाढते. नुसत्या कॉपीराइटवर विसंबू नये. नोंदणीयोग्य डिझाइन नोंदवले नाही आणि आपणच त्याचे यंत्रावर 50 हून अधिक नग काढले, की तो हक्क संपतो. आणि 50 नग म्हणजे आमच्या धंद्यात एका दुपारचे काम. अर्ज अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात देता येतो.