मागच्या चाकांचे बुश निवडताना

मुर्री, जि. गोंदिया

चि. बाबूस,

ऑक्टाव्हियाच्या मागच्या बाजूचे सगळे रबरी बुश काढून कडक पीयूचे (पॉलियुरेथेनचे) टाकायचे आणि ट्रेलिंग आर्मला तर थेट रोझ जॉइंटच बसवायचा, असं तू फोनवर म्हणालास. पैसे भरण्याआधी हे पत्र वाच. तुझी गाडी वर्षातून काही वेळा कोइम्बतूरच्या करी स्पीडवेवर नाहीतर चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर पळणार. बाकीचे दिवस ती पुण्याच्या रस्त्यांवर, आणि दिवाळीला समृद्धी महामार्गाने नागपूर, पुढे भंडारा करत इकडे येणार. ट्रॅकचा डांबरी पृष्ठभाग आणि आपल्याकडचे पावसाळ्यानंतरचे खड्डे, दोन्ही त्याच बुशांनी सोसायचे आहेत.

कडक किती, हा प्रश्न मागाहून. आधी प्रत्येक सांधा कुठल्या दिशेला हलायला हवा आणि कुठल्या दिशेला हलता कामा नये, ते बघ. तुझ्या २०१७ च्या आरएसला मागे मल्टिलिंक आहे. प्रत्येक चाकाला चार आर्म. पुढून मागे जाणारा ट्रेलिंग आर्म आणि तीन आडवे: वर एक, खाली पुढच्या बाजूला एक बारीक लिंक, आणि तिच्या मागे स्प्रिंग बसते तो रुंद आर्म.

ट्रेलिंग आर्मचं आधी सांगतो, कारण तिथेच तू चुकीच्या वाटेने निघाला आहेस. हा आर्म चाकाच्या बाजूला घट्ट बोल्ट केलेला असतो. चाक वर-खाली होताना तीन आडवे आर्म त्याला बाजूलाही खेचतात. म्हणून तो जाड पत्र्याच्या पात्यासारखा बनवला आहे, आडवा वाकतो, आणि त्याच्या पुढच्या टोकाचा मोठा रबरी बुश एकाच वेळी फिरतो आणि तिरकाही होतो. फोर्डने १९९८ च्या फोकसमध्ये हीच रचना आणली, २००३ च्या पाचव्या गोल्फमध्ये फोक्सवॅगनने तशीच वापरली, आणि तुझी गाडी त्याच घराण्यातली. पीयूचा बुश नळीभोवती गोल फिरायला उत्तम, पण तिरकं व्हायला तयार नसतो. तिथे कडक पीयू टाकलास की सस्पेन्शन अडखळतं. तुझ्या स्प्रिंगमध्ये कुणी न मोजलेला जादा कडकपणा मिसळतो, आणि मग तू शॉकअ‍ॅब्सॉर्बरचे क्लिक फिरवत बसशील, उत्तर सापडणार नाही.

रोझ जॉइंट सगळीकडे फिरतो, म्हणून अडखळणार नाही, हे तुझं म्हणणं खरं. पण खड्ड्यात आदळलेलं चाक किंचित मागे सरकतं, त्यावेळी धक्का याच रबरात जिरतो. रबर काढलंस की तो धक्का ब्रॅकेटला आणि बॉडीला बसणार. केवळ ट्रॅकवर जाणाऱ्या, ट्रेलरवरून नेल्या जाणाऱ्या गाडीला ते चालतं. तुझ्या गाडीला ट्रेलिंग आर्मवर नवा कोरा रबरी बुशच घाल, कंपनीचा.

आता आडवे आर्म. कॉर्नरमध्ये बाहेरचं चाक आत ढकललं जातं. खालची पुढची लिंक थोडी नमली तर चाकाची पुढची कड आत येते, म्हणजे टो-इन, आणि मागची बाजू स्थिर राहते. मागचा स्प्रिंगवाला आर्म जास्त नमला तर उलट होतं: चाक टो-आउट होतं आणि शेपूट फिरायला लागते. पुष्कळ पोरं बारीक लिंक स्वस्तात मिळते म्हणून तेवढीच कडक करतात आणि मागचे जुने बुश तसेच ठेवतात. वेगात ब्रेक धरून वळताना ती गाडी भीती घालते. म्हणून सुरुवात स्प्रिंगवाल्या आर्मच्या आतल्या टोकापासून कर. तिथली हालचाल बहुतांशी एकाच अक्षावर असते, मध्यम कडक पीयू चांगला चालतो. शोअर ए मापात ८० च्या आसपासचा घे. ९५ चा पुण्याच्या रस्त्यावर त्रास देईल. पुढची लिंक करायची तर त्याच्या सोबत कर, आधी नको. वरच्या आर्मचं काम कॅम्बरचं, म्हणजे चाकाच्या उभ्या झुकावाचं, त्याला घाई नाही.

तुझ्या मित्राच्या पोलोला यातलं काहीच लागू नाही. तिला मागे एकच ट्विस्ट बीम आणि दोन मोठे बुश. त्याला सांग, ताजे रबरी बुश बसव आणि बाकीचे पैसे टायरवर घाल. २०१० पासून चाकणच्या पोलोंची शर्यत या देशात झाली, ती याच बीमवर.

रोझ जॉइंट म्हणजे गोलाकार बेअरिंगच, त्याचा मोह मी समजू शकतो. आयुष्य राईस मिलमध्ये गेलं माझं. तिथल्या लांब शाफ्टला सेल्फ-अलाइनिंग बेअरिंगच लागतं, कारण एवढा शाफ्ट कधी तंतोतंत सरळ नसतो. पण कोंड्याच्या धुळीत सील गेलं की तेच बेअरिंग आधी ओरडतं. गाडीखाली तर रोवणीच्या दिवसांतला चिखल. रोझ जॉइंट कधी बसवलासच तर रबरी टोपणासकट बसव, दोन्ही बाजूंनी आधार असलेल्या ब्रॅकेटमध्ये, आणि प्रत्येक ट्रॅक दिवसाआधी पहारीने हलवून बघ. हाताला खळकन लागलं तर बदल.

बुशांना हात लावण्याआधी मागचे हब बेअरिंग तपास. चाक उचल, एक हात स्प्रिंगवर ठेव, दुसऱ्याने चाक फिरव. खरखर स्प्रिंगमधून बोटांना कळते. रस्त्यावर गुणगुण उजवीकडे वळताना वाढली तर संशय डाव्या बेअरिंगवर घे. चाक बाहेर काढणारे स्पेसर लावले असशील तर बेअरिंगवरचा पीळ वाढलेला असतो, हे विसरू नको.

आणि बसवताना एक गोष्ट कुणालाही चुकवू देऊ नको. रबरी बुश घासत नाही, रबर स्वतः पिळतं. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबती, आणि मेकॅनिकने बोल्ट आवळला, तर गाडी खाली येताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. गाडी जमिनीवर असताना हबच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतचं अंतर टेपने मोज. मग जॅकने तेवढंच अंतर येईपर्यंत हब वर उचल, आणि तेव्हाच शेवटचा टॉर्क दे. एकदाच वापरायचे बोल्ट नवे घे. पीयूला सोबत येणारं सिलिकॉन ग्रीस लाव, साधं चालणार नाही. अलाइनमेंट तुझ्या वजनाइतकं ओझं ड्रायव्हर सीटवर ठेवून करून घे, आणि मागचा टो दोन्ही बाजूंना सारखा, थोडा आतच ठेव.

काढलेले बुश फेकू नको, कुठला कुठल्या आर्मचा ते खडूने लिहून दिवाळीला घेऊन ये. रबर कुठल्या बाजूने चिरलंय ते बघितलं की वरच्या आर्मचं काय करायचं ते ठरवू.

तुझा,
काका